आपले पाढे : काल आणि आज



सात हाली रुपयांचे सहा कलदार, तर पस्तीस हाली रुपयांचे कलदार किती?

हा प्रश्न आज कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. परंतु १९५० च्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यात तो रोजच्या व्यवहाराचा प्रश्न होता. निजामाच्या रुपयाला लोक हाली म्हणत आणि हिंदुस्थान सरकारच्या रुपयाला कलदार. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात सामील झाले आणि १९५० मध्ये सात हालीस सहा कलदार असा भाव ठरून दोन्ही रुपये बाजारात बरोबरीने चालू लागले. आमच्या दादीने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. लहानपणी ती आपल्या वडिलांबरोबर आठवडी बाजारात अंडी विकावयास बसे. हा हिशेब ती बोटांवर करी. एक बोट मिटले की सात हाली गेले, सहा कलदार आले. दुसरे बोट मिटले, चौदा गेले, बारा आले. पाच बोटे मिटून मूठ झाली की पस्तीस गेले आणि तीस आले. तिला ना सहाचा पाढा येत होता ना साताचा. पण सातासातांनी आणि सहासहांनी पुढे जाणे तिला पक्के येत होते.

आता दुसरे चित्र पाहा. माझ्या वर्गातील सहावीचा एक मुलगा साताचा पाढा न अडखळता म्हणतो. एकदा त्याला विचारले, "सातासातांनी मोजताना पस्तिसाच्या पुढे काय येते?" तो गप्प राहिला. मग ओठांतल्या ओठांत 'सात एके सात'पासून सुरुवात करून तो बेचाळिसावर पोहोचला. उत्तर बरोबर आले, परंतु माझे मन खट्टू झाले. त्याला पाढ्याचे गाणे येत होते, पाढ्यातली वाट ठाऊक नव्हती. यात दोष त्याचा नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही पाढे असेच घोकून घेतले आहेत आणि न येणाऱ्याला बाकावर उभे केले आहे.

पाढा पाठ असणे ही एक गोष्ट आणि पटीत मोजता येणे ही दुसरी. दोन्ही आपल्या मुलांना हव्यात. त्या एकमेकींपासून कशा तुटल्या आणि पुन्हा कशा जोडता येतील, याचा विचार करावयाचा तर पाढ्यांचा इतिहास पाहावा लागतो. हा इतिहास रुक्ष नाही. त्यात आपले पूर्वज आहेत, आपला धर्म आहे आणि आपल्या गावचा मोंढाही आहे.

धूळपाटी आणि परवचा

इंग्रजी पद्धतीच्या शाळा येण्यापूर्वी महाराष्ट्रात पंतोजींच्या शाळा होत्या. ओसरीवर किंवा देवळात मुले जमत. लाकडी पाटीवर धूळ पसरून तीवर काडीने अक्षरे व अंक गिरवीत. म्हणून तिला धूळपाटी म्हणत. अंक झाले की उजळणी आणि पाढे. दिवेलागणीला घरोघर मुले बसून परवचा म्हणत, त्यातही पाढे असत. पाटी पुसली तरी तोंडचा पाढा पुसला जात नसे. कागद महाग आणि पुस्तक दुर्मीळ अशा काळात मुलाची जीभ हीच त्याची वही होती.

हे पाढे फक्त पूर्णांकांचे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी अपूर्णांकांची मोठी रांग होती. औट म्हणजे साडेतीन. आज हे शब्द ऐकून मुले हसतात. परंतु ते पाढे कोणी हौसेने रचलेले नव्हते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, शेराचे चार पाव अशी त्या काळची मापे होती. गूळ सव्वा आण्याला शेर असेल आणि गिऱ्हाईकाने बारा शेर घेतला तर सवायकी पाठ असलेला मुलगा लगेच पंधरा आणे सांगे. दुकानावर बसणाऱ्या मुलाची तीच कमाई होती.

आपल्या घरांत हेच पाढे उर्दूतून चालत. 'बे दुणे चार'च्या जागी 'दो दूनी चार', 'बे पंचे दहा'च्या जागी 'दो पंजे दस'. सवायकीला सवैया आणि अडीचकीला ढैया म्हणत. चाल तीच, ठेकाही तोच. भाषा दोन असल्या तरी बाजार एकच होता, म्हणून पाढेही एकच राहिले.

विद्यार्थी मित्रांनो, एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल. मराठीत दोनला आपण 'दोन' म्हणतो, मग पाढ्यात 'बे' कसे? हा 'बे' जुन्या प्राकृतातून आलेला आहे. शेजारच्या गुजरातीत आजही दोनला 'बे'च म्हणतात. बोलण्यातून गेलेला शब्द पाढ्याने जपून ठेवला. उलट, पाढे म्हणून झाल्यावर आपण जो मांडतो तो 'हिशेब' हा शब्द अरबी आहे. जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि वाण्याच्या वहीत कायमचे बसले. मराठी माणसाचा पाढा प्राकृत आणि हिशेब अरबी! कोणी कोणाचे काय घेतले हे शोधत बसण्यापेक्षा दोन्ही आपलेच आहे असे समजावे.

बगदाद ते दख्खन

हीच देवघेव मोठ्या प्रमाणावर गणितशास्त्रात झालेली आहे. शून्यासह दहा चिन्हांनी कोणतीही संख्या लिहिण्याची पद्धत भारतात जन्मली आणि येथून अरब देशांत गेली. बगदादमध्ये खलीफा अल्‌-मामून याच्या काळात (८१३ ते ८३३) बैतुल-हिक्मा या विद्यापीठात मुहम्मद इब्न मूसा अल्‌-ख्वारिज्मी हे गणिती होते. त्यांनी हिंदी अंकांवर ग्रंथ लिहिला आणि तो पुढे लॅटिनमध्ये जाऊन युरोपला ही पद्धत कळली. म्हणूनच युरोपात या अंकांना अरबी अंक म्हणतात, तर अरब त्यांना हिंदी म्हणत आले. ख्वारिज्मींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या नावातील 'अल्‌-जब्र' या शब्दावरून बीजगणिताला अल्जेब्रा हे नाव पडले आणि खुद्द त्यांच्या नावावरून संगणकशास्त्रातला अल्गोरिदम हा शब्द आला. त्या ग्रंथाचा फार मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांवर आहे, हे येथे ध्यानात ठेवावे. त्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आता आपल्या भागात येऊ. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इसवी सन १११४ मधला. आपले गाव विज्जलवीड असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. ते नेमके कोणते, यावर विद्वानांत मतभेद असून विजापूर, बीदर अशा नावांबरोबर आपल्या बीडचेही नाव सुचवले गेले आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे.

११५० साली पूर्ण झालेल्या त्यांच्या ग्रंथातील 'लीलावती' हा भाग अंकगणिताचा. त्याच्या आरंभीच वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क असे कोष्टक आहे. रुपयाच्या सोळा आण्यांची सवय आपल्या देशाला किती जुनी आहे, हे यावरून कळते. पुढे गुणाकाराचे एक उदाहरण आहे, १३५ गुणिले १२. भास्कराचार्य त्याची एकच रीत सांगून थांबत नाहीत. बाराची फोड आठ आणि चार अशी करा. किंवा आधी तिनाने गुणून मग चाराने गुणा. किंवा दहापट घेऊन तीत दुप्पट मिळवा. किंवा वीसपट घेऊन तीतून आठपट वजा करा. कोणत्याही वाटेने गेलात तरी १६२० वरच पोहोचता. आठशेपेक्षा अधिक वर्षांपूर्वीचा हा शिक्षक मुलाला घोकंपट्टी शिकवत नव्हता. संख्येकडे जाण्याच्या अनेक वाटा दाखवत होता.

बादशहा अकबराच्या आज्ञेवरून त्याच्या दरबारातील कवी फैजी यांनी १५८७ साली 'लीलावती'चा फारसी अनुवाद केला. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात पडलेल्या मोत्यामुळे चुकला, ही सर्वांनी ऐकलेली गोष्ट फैजींच्या प्रस्तावनेतूनच आपल्यापर्यंत आली आहे. पुढे शहाजहानच्या काळात अताउल्लाह रुश्दी यांनी भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथाचाही फारसी अनुवाद केला. येथून बगदादला गेलेली विद्या अशी पुन्हा येथेच, फारसी पोशाखात भेटली. गणित आपल्या मुलांचा विषय नव्हे असे कोणी म्हणाले तर त्याला हा इतिहास सांगावा.

जकात आणि वाटणी

पटीत मोजणे आपल्या धर्मव्यवहारात किती खोल रुजलेले आहे, याचा आपण क्वचितच विचार करतो. तस्बीहचे तेहतीस मणी तीनदा फिरले की नव्व्याण्णव. पैशावरील जकात चाळिसावा हिस्सा, म्हणजे चाळीसला एक, ऐंशीला दोन, एकशेवीसला तीन. हा चाळिसाचा पाढाच झाला.

याहून सुंदर उदाहरण गुराढोरांच्या जकातीचे आहे. मोकळ्या चराईवरील तीस गुरांमागे एक वर्षाचे एक वासरू आणि चाळीस गुरांमागे दोन वर्षांचे एक वासरू द्यावे, असा नियम फिकहच्या ग्रंथांत आहे. साठ गुरे म्हणजे दोनदा तीस. ऐंशी म्हणजे दोनदा चाळीस. सत्तर असतील तर एकदा तीस, एकदा चाळीस. शंभर असतील तर दोनदा तीस आणि एकदा चाळीस. आणि एकशेवीस असतील तर? चार वेळा तीस होतात, तीन वेळा चाळीसही होतात. दोन्हींपैकी कसेही देता येते. एकशेवीस हा तीस आणि चाळीस यांचा लसावि, म्हणजे लघुत्तम साधारण विभाज्य. उर्दू शाळेतला मुलगा त्यालाच 'जुअजआफे अकल' म्हणतो. लसावि म्हणजे काय, असे विचारले की मुले फळ्यावरची रीत सांगतात. तीसतीसच्या आणि चाळीसचाळीसच्या उड्या जिथे प्रथम एकत्र पडतात ते ठिकाण, असे सांगणारा मुलगा मला अजून भेटावयाचा आहे.

वारसाच्या वाटणीत तर पटीवाचून पाऊल टाकता येत नाही. ठरावीक हिस्से सहा आहेत : निम्मा, चौथा, आठवा, दोन तृतीयांश, एक तृतीयांश आणि सहावा. समजा, एक गृहस्थ वारले. कर्ज व वसीयत फेडून झाल्यावर उरलेल्या मिळकतीत पत्नीचा आठवा, आईचा सहावा आणि बाकी सर्व मुलाचे. आठ आणि सहा या दोन्हींच्या पटीत येणारी सर्वांत लहान संख्या चोवीस. म्हणून चोवीस भाग करावयाचे. तीन पत्नीचे, चार आईचे, सतरा मुलाचे.

कधी हिस्सेच मुळापेक्षा जास्त होतात. पत्नी, दोन मुली, आई आणि वडील असे वारस असतील तर चोवीस भागांत पत्नीचे तीन, मुलींचे सोळा, आईचे चार, वडिलांचे चार, म्हणजे सत्तावीस झाले! हा प्रश्न हजरत अली यांना मिंबरवर असतानाच विचारला गेला आणि पत्नीचा आठवा हिस्सा नववा झाला, असे त्यांनी तेथल्या तेथे सांगितले, अशी प्रसिद्ध परंपरा आहे. म्हणजे चोवीसऐवजी सत्तावीस भाग करावयाचे, प्रत्येकाचे भाग तेवढेच ठेवावयाचे. सत्तावीस लाखांची मिळकत असेल तर पत्नीला तीन लाख, प्रत्येक मुलीला आठ लाख, आई व वडील यांना प्रत्येकी चार लाख. बेरीज करून पाहा. प्रत्यक्ष वाटणीच्या वेळी जाणत्या आलिमांना विचारावेच, परंतु त्यांनी सांगितलेले समजण्याइतके गणित घरात असलेच पाहिजे.

भगिनींनो, हे मी विशेषतः आपल्याला उद्देशून लिहीत आहे. शरीअतने बहिणीचा, विधवेचा, आईचा हिस्सा ठरवून दिला. तरीही ज्याला हिशेब येत नाही त्याचाच हिस्सा प्रथम नाहीसा होतो, असे जगाचे रहाटगाडगे आहे. मुलीला चोवीस कोठून आले हे कळत असेल तर तिचे तीन भाग तिला कोणी दोन म्हणून देऊ शकणार नाही.

हाली, कलदार आणि नवे पैसे

आता पुन्हा आपल्या मोंढ्यावर या. आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या एका पिढीने लहानपणीच तीन प्रकारचे पैसे पाहिले. प्रथम हाली. नंतर हाली आणि कलदार बरोबरीने. हाली रुपया १९५१ पासून काढणे बंद झाले, तरी तो चलनातून कायमचा रद्द झाला १९५९ मध्ये. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ एप्रिल १९५७ पासून देशभर दशमान नाणी सुरू झाली. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. १९५८ पासून शेर-मण जाऊन टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आले.

या बदलात एक मौज होती. सात हालीचे सहा कलदार हे चोख जुळे. पण एकाच हाली रुपयाचे कलदार करावयाचे तर तेरा आणे साडेआठ पैंच्याही किंचित वर जाई आणि तो हिशेब कोणालाच पुरा करता येत नसे. आण्यांचेही तेच. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे चोख. पण एका आण्याचे सव्वासहा होत. पाव पैशाचे नाणे नाही, म्हणून एका आण्याला सहा पैसे आणि तीन आण्यांना एकोणीस पैसे धरत. एकेका आण्याचे सामान सोळा वेळा घेतले तर शहाण्णव पैसे पडत. तेच एकदम रुपयाचे घेतले तर शंभर. उलट तीन-तीन आण्यांनी घेणाऱ्याचे थोडे जास्त जात.

याचा अर्थ असा की हिशेब काही ठरावीक टप्प्यांवर नेमका जुळतो आणि मधल्या जागेत कोणाचा तरी तोटा होतो. हालीत तो टप्पा साताचा होता, आण्यांत चाराचा. ज्याला टप्पे ठाऊक तो टप्प्यावर येऊन व्यवहार करी, ज्याला ठाऊक नाही तो मधल्या जागेत नागवला जाई. दादी पाच बोटांची मूठ झाल्याखेरीज हाली मोडून घेत नसे ते यामुळेच. पाढा म्हणजे या टप्प्यांची यादी, दुसरे काही नाही.

नवी नाणी, नवी वजने आली आणि सवायकी, दिडकी, औटकी यांची गरज संपली. ते पाढे गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. ज्या मापांसाठी ते होते ती मापेच गेली. परंतु त्यांच्याबरोबर नकळत आणखी एक गोष्ट गेली. पाढा आणि बाजार यांचे नाते तुटले. पूर्वी मुलगा सकाळी पाढा म्हणे आणि दुपारी दुकानावर तोच वापरी. आता तो पाढा म्हणतो आणि गुण मिळवतो. वापर गेला की पाठांतर पोकळ होते. मग काही पालक छडी घेऊन पाठांतरच वाढवतात, तर काही म्हणतात, मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, पाढे हवेत कशाला? दोघेही चुकतात असे मला नम्रपणे वाटते.

आपल्याच जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. उचल घेतलेली असते, मजुरी टनावर असते आणि हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. हंगाम संपल्यावर उचल फिटली की नाही हे त्या वहीवरून कळते. पती-पत्नीच्या कोयत्याने किती टन तोडले आणि त्याचे किती झाले, हे दर टप्प्याला मनात धरणारा कोणी घरात असेल तर ती वही त्याला फसवू शकत नाही. कॅल्क्युलेटर बेरीज बरोबर करील, पण वहीतला आकडा संशयास्पद आहे हे तो सांगणार नाही. ते माणसाच्याच डोक्यात उमटावे लागते.

घरी काय करावे

आता थोडे व्यवहाराचे. यासाठी खर्च नाही, शिकवणी नाही, आई-वडील शिकलेले असण्याचीही अट नाही.

पाढा देण्यापूर्वी उडी द्या. अंगणातल्या फरश्यांवर खडूने १ ते ३० अंक लिहा. मुलाला तीन-तीनच्या उड्या मारू द्या आणि जिथे पाय पडेल तो अंक मोठ्याने म्हणू द्या. तीन, सहा, नऊ, बारा. आठवडाभरात हा पाढा त्याच्या पायांत उतरतो, मग जिभेवर येण्यास वेळ लागत नाही. मधूनच थांबवून विचारा, "पुढची उडी कुठे? मागची कुठे होती?" उलटेही मोजू द्या : तीस, सत्तावीस, चोवीस.

वस्तू मोजताना एकेक मोजू नका. फळवाला संत्री पाच-पाच उचलून टाकतो ते मुलाला दाखवा. धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता कोणी 'लाभ' म्हणतात, कोणी 'बरकत' म्हणतात, तेही ऐकवा. आपल्या आज्या विसांनी मोजत. तीन विसा आणि पाच म्हणजे पासष्ट. ही अडाण्यांची मोजणी नव्हे, ती वीस-वीसची उडी आहे. घड्याळात पाच-पाच मिनिटे आहेत, पंचांगात सात-सात दिवस आहेत, बचत गटाच्या पुस्तकात हप्ते आहेत. पाढा घरभर पसरलेला आहे.

संख्यांची नावे अडली म्हणून टप्पा अडू देऊ नका. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसबरोबर 'वीस सात' असे वाचन दिले, तेव्हा राज्यभर वाद झाला. तेलुगू, कन्नड बोलणारी आपली शेजारी मुले पूर्वीपासून असेच म्हणतात. उर्दू माध्यमातून पुढे मराठीत येणाऱ्या आपल्या मुलाला 'सत्ताईस' आणि 'सत्तावीस' अशी दोन्ही नावे सांभाळावी लागतात. तो नावाला अडखळला तर त्याला गणित येत नाही असे समजू नका. अंक लिहू द्या, उडी मारू द्या, नाव मागाहून येईल.

एक ते शंभरचा तक्ता करून त्यात पटी रंगवू द्या. पाचाच्या पटी दोन उभ्या रांगांत उतरतात, नवाच्या तिरक्या जातात. विद्यार्थी मित्रांनो, साताच्या पाढ्यातील फक्त शेवटचे अंक लिहून काढा : ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३, ०. आता तिनाचे लिहा : ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७, ०. शून्य सोडून दुसरी ओळ ही पहिलीच उलट दिशेने आहे. चार आणि सहा यांचे, दोन आणि आठ यांचेही असेच का होते, ते शोधा. तीन आणि सात मिळून किती होतात, एवढाच इशारा देतो.

अडलेल्या ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात करू नका. सात बारे किती? सात दाहे सत्तर माहीत आहे, सात दुणे चौदा माहीत आहे, झाले चौऱ्याऐंशी. भास्कराचार्यांची दहा आणि दोनची फोड ती हीच. एखादा मुलगा कोष्टक विसरला तरी अशी वाट काढू शकला तर त्याला शाबासकी द्या.

आणि हे सर्व झाल्यावर पाढे जरूर पाठ करून घ्या. पाठांतराला मी विरोध करीत नाही. रोज संध्याकाळी दहा मिनिटे घरातल्या सर्वांनी मिळून, मराठीत आणि उर्दूतही पाढे म्हणावेत. भाऊ 'बे चोक आठ' म्हणेल, बहीण 'दो चौके आठ' म्हणेल. अर्थ कळलेला पाढा पाठ असणे हे हातात चोख नाणे असण्यासारखे आहे. अर्थ न कळलेला पाढा हे चलनातून गेलेले नाणे.

त्या सहावीच्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. वर्गातील फरश्यांवर आम्ही सात-सातच्या उड्या आखल्या. पंधरा दिवसांनी मी हाली-कलदारचा प्रश्न फळ्यावर लिहिला. त्याने वही घेतली नाही. एक बोट मिटले, दुसरे मिटले, पाचवे मिटल्यावर मूठ वर करून म्हणाला, "तीस, सर." आमच्या दादीला त्याने कधी पाहिलेले नाही.

आपल्या घराघरांतून अशा मुठी वर होवोत, आपली मुले आणि विशेषतः आपल्या मुली हिशेबात कोणाच्याही मागे न राहोत, हीच अल्लाहतआलाजवळ दुआ करून हा लेख पुरा करतो.